कीबोर्डाची वाटणी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळला गेली आणि जबलपूरच्या वाट्याला हायकोर्ट आलं. आमच्याकडच्या जुन्या मंडळींनी भोपाळला अजून माफ केलेलं नाही. नर्मदेच्या घाटावर संध्याकाळी दोन म्हातारे बसले की तिसऱ्या वाक्याला राजधानी निघते. पण त्या वाटणीचा एक परिणाम कोणी बोलून दाखवत नाही. राजधानीच्या गावात माणसं बोलतात, हायकोर्टाच्या गावात माणसं टाइप करतात. वकालतनामा, शपथपत्र, अपील, अपिलावरचं उत्तर, उत्तराला मुदत मिळावी म्हणून अर्ज, अर्जाला उशीर झाला म्हणून माफीचा अर्ज. यातलं प्रत्येक पान कोणाच्या तरी दहा बोटांतून गेलेलं असतं. पूर्वी कचेरीबाहेर रेमिंग्टनची खडखड असायची, आता संगणकाची टकटक असते. शिवाय राज्य सरकारच्या कारकुनी नोकऱ्यांसाठी सीपीसीटी नावाची परीक्षा आहे आणि तिच्यात हिंदी टायपिंग द्यावं लागतं. त्यामुळे गल्लीबोळांतून टायपिंगचे क्लास आहेत.

एवढ्या टाइप करणाऱ्या गावात मनगटाला मान असायला हवा. तो नाही. इथे गुडघ्याला मान आहे, शुगरला आहे, ॲसिडिटीला तर घरच्या माणसाचा दर्जा आहे. मनगट दुखतं म्हटलं की समोरचा तुमचं घड्याळ घट्ट आहे का ते बघतो.

मी घरी बसून भाषांतरं करतो. इंग्रजी आणि हिंदीतून मराठीत, दिवसाला जितकी पानं जमतील तितकी. मनगट आणि करंगळी यांनी एकत्र येऊन संप पुकारला तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘टायपिंग कमी करा.’ आंब्याच्या झाडाला आंबे कमी कर म्हणण्यातला प्रकार. फिजिओथेरपिस्ट बाई मात्र हुशार निघाल्या. त्यांनी मला हवेतच टाइप करून दाखवायला सांगितलं आणि म्हणाल्या, ‘तुमचे खांदे केवढे आणि कीबोर्ड केवढा, बघा जरा.’

गोष्ट साधी आहे. खांद्यांमध्ये हातभर अंतर असतं. कीबोर्डावर मात्र दोन्ही पंजे एकमेकांना चिकटून बसतात. हात तिरके आत येतात आणि बोटं सरळ राहावीत म्हणून मनगटं बाहेर, करंगळीच्या दिशेला मुडपतात. तळवे जमिनीकडे पालथे असतात, तो पीळ वेगळाच. त्यात आपण कीबोर्डाच्या मागचे दोन छोटे पाय उघडतो, कारण ते आहेत म्हणून. त्या पायांनी मनगट वरच्या बाजूला वाकतं. म्हणजे एकाच सांध्याला तीन दिशांनी ओढायचं आणि वर त्याच्याकडून शुद्धलेखनाची अपेक्षा करायची. यावरचा उपाय म्हणजे मधोमध दोन तुकडे असलेला कीबोर्ड. डावा तुकडा डाव्या खांद्यासमोर, उजवा उजव्यासमोर, हवं तर आतल्या कडा तंबूसारख्या उचललेल्या.

मी जयंती कॉम्प्लेक्सला गेलो. जबलपुरात संगणकाचं काहीही हवं असेल तर माणूस तिथेच जातो आणि ते नसेल तरी तिथून काहीतरी घेऊनच परततो. काउंटरवरच्या पोराला मी दोन तुकड्यांचा कीबोर्ड हातवारे करून समजावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘बड्डे, टूटा हुआ काहे ले रए हो? साबुत वाला इसी रेट में है।’ बड्डे म्हणजे बडे भाई. जबलपूरमध्ये तुम्हाला कोणी बड्डे म्हणालं की समजावं, आता प्रेमाने काहीतरी गळ्यात मारणार. त्याने मला सात रंगांचे दिवे लागणारा गेमिंग कीबोर्ड दाखवला. मनगटाला यानं काय फायदा, असं विचारल्यावर म्हणाला, ‘अंधेरे में भी दर्द दिखेगा।’ विनोद त्याचा आहे, श्रेय त्यालाच.

घरी मामांना सांगितलं. मामा गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. ही फॅक्टरी १९०४ सालापासूनची, आणि तिथून निवृत्त झालेल्या माणसाला जगातली प्रत्येक वस्तू अर्धवट बनवलेली वाटते. मामांनी माझा जुना कीबोर्ड उलटा करून पाहिला, अंगठ्याने वाजवून पाहिला आणि म्हणाले, ‘दोन तुकडेच हवेत ना? आण इकडे. हॅक्सॉने दहा मिनिटांत करून देतो.’ मामी म्हणाल्या, ‘अहो, चालायला पण पाहिजे तो नंतर.’ मामांच्या मते ती वेगळी ऑर्डर होती.

शेजारचे काका साहित्यिक वळणाचे. त्यांनी वेगळीच तोफ डागली. ‘परसाईजींनी याच गावात बसून सगळ्या देशाला चिमटे काढले. त्यांनी कधी कीबोर्ड विचारला?’ हिंदी व्यंगकार हरिशंकर परसाई जबलपूरचे, त्यामुळे या गावात लिहिण्याबद्दल कुठलीही तक्रार केली की त्यांचं नाव पुढे येतं. आता परसाईंना कोणी दुपारपर्यंत बेचाळीस पानांचा विमा करार मराठीत करून मागितला नव्हता, हे काकांना सांगण्यात अर्थ नाही. भाचा मला म्हणाला, ‘मामा, टाइप कशाला करता? बोला, मोबाइल लिहितो.’ करून पाहिलं. करारातल्या ‘विमाधारकाने’ या शब्दानंतर ‘कुकरच्या तीन झाल्या का गं’ असं कलम आलं. भाषा म्हणून ते करारातल्या इतर कलमांपेक्षा स्पष्ट होतं, पण ठेवता आलं नाही.

तेव्हा अभ्यास सुरू केला, आणि अभ्यासात कळलं की ही कल्पना अजिबात नवी नाही. आपण वापरतो तो क्वर्टी कीबोर्ड १८७४ साली बाजारात आलेल्या टाइपरायटरचा वारस आहे. त्याच्या रांगा एकमेकींपासून तिरप्या सरकलेल्या असतात, कारण त्या यंत्रात प्रत्येक कळीखालून एक दांडी जायची आणि दांड्या एकमेकींना अडायला नकोत. दांड्या गेल्या, तिरपेपणा राहिला. १९२६ मध्ये क्लोकेनबर्ग नावाच्या जर्मन अभ्यासकाने लिहून ठेवलं की कीबोर्ड मधोमध विभागा, दोन्ही भाग तिरके करा. जगाने ऐकून घेतलं आणि टाइप करत राहिलं. १९७२ मध्ये क्रोमर यांनी तेच पुन्हा, मोजमापांसह सांगितलं. मग इंग्लंडमध्ये मॅल्ट्रॉन आला, १९९२ मध्ये अमेरिकेत खोलगट वाट्यांचा किनेसिस आला, १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने मधोमध फुगलेला ‘नॅचरल’ आणला. उपयोग होतो का? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हात दुखणाऱ्या ऐंशी जणांना चार गटांत वेगवेगळे कीबोर्ड दिले होते, एका गटाला तर साधाच. ज्यांना तो फुगलेला मिळाला त्यांचं दुखणं साध्या कीबोर्डवाल्यांच्या तुलनेत कमी होत गेलं, पण त्याला सहा महिने लागले. सहा महिने! आपल्याकडे काढ्याने तीन दिवसांत गुण आला नाही तर वैद्य बदलतात.

इथपर्यंतचं सगळं इंग्रजी टाइप करणाऱ्या जगाचं. खरी गंमत पुढे आहे, आणि ती कुठल्याच कीबोर्डवाल्याने छापलेली नाही.

आपली देवनागरी संगणकावर टाइप करायची सरकारमान्य मांडणी म्हणजे इन्स्क्रिप्ट. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ मध्ये ती ठरवली. ज्यांनी ती आखली त्यांनी एक फार सुंदर गोष्ट केली: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला दिल्या, व्यंजनं उजव्या हाताला. बाराखडीचीच वाटणी केली. म्हणजे इंग्रजांचा कीबोर्ड सुतार मधोमध कापतो, आपला व्याकरणाने आधीच कापून ठेवलेला आहे. फक्त दोन भाऊ वाटणी होऊनही एकाच खोलीत राहत होते. विभागलेला कीबोर्ड आणला की त्यांची घरं वेगळी होतात, एवढंच.

मी जबलपूरची नावं टाइप करून पाहिली. ‘भेडाघाट’ घ्या. भ उजवा, मात्रा डावी, ड उजवा, काना डावा, घ उजवा, काना डावा, ट उजवा. तिथल्या संगमरवराच्या खडकांमधून नाव वल्हवावी तसे हात आलटून पालटून पडतात. आता ‘जबलपूर’ घ्या. ज, ब, ल, प, र ही पाचही उजव्या हाताची. डाव्याच्या वाट्याला एकटा दीर्घ ऊकार. आख्खं शहर उजवा हात बांधतो आणि डावा येऊन फीत कापतो. ‘नर्मदा’ मात्र बरोबर उलट. कारण वाटणी अगदी स्वच्छ झालेली नाही. म, ण, न आणि व ही चार व्यंजनं डाव्या हाताच्या खालच्या रांगेतच राहिली. पाय मोडायचं चिन्ह आणि काना तर डाव्याचेच. त्यामुळे नर्मदेची सहापैकी चार अक्षरचिन्हं डावा हात वाहतो. शहर उजवं आणि नदी डावी.

आणि करंगळी का संपावर गेली तेही कळलं. उजव्या करंगळीकडे ज आहे, ड आहे, च आहे, ट आहे, य आहे. त्यांचे महाप्राण भाऊ झ, ढ, छ, ठ शिफ्ट धरून तिथेच. वर एंटर तिच्याकडे, चूक खोडायची कळ तिच्याकडे. हिंदीवाल्याला हे कदाचित निभतं. पण मराठी माणूस ‘च’ शिवाय वाक्य पुरं करत नाही. मीच, तूच, आजच, मुळीच, उगाचच. आपला सगळा ठामपणा हाताच्या सगळ्यात अशक्त बोटावर उभा आहे. करंगळीवर गोवर्धन पेलायचं काम एकदा श्रीकृष्णाने केलं, पण सातच दिवस, आणि खाली गोपांनी काठ्या लावल्या होत्या.

अंगठ्यांचं मात्र नेमकं उलट. पंज्यातली सगळ्यात दणकट बोटं, आणि दोघांना मिळून काम एकच: मोकळी जागा सोडणं. नव्या विभागलेल्या कीबोर्डांत अंगठ्यांखाली तीन-चार कळा देतात. एंटर, खोडणं, शिफ्ट असली जड कामं करंगळीकडून काढून त्यांना देतात. चार पिढ्या शिकून अंगठा उठवायचा सोडला आणि आता तीस हजार रुपये देऊन पुन्हा अंगठाबहाद्दर व्हायचं. पण कल्पना अव्वल आहे. या कीबोर्डांची मला पटलेली सगळ्यात मोठी गोष्ट तुकडे ही नसून अंगठा आहे.

मग वाटणीतली भांडणं. प्रत्येक वाटणीत बांधाचा एक वाद असतोच. इथे बांधावर ‘बी’ ची कळ आहे. कीबोर्ड कापताना ती बहुतेक वेळा डावीकडे जाते, कारण टायपिंगच्या क्लासात ती डाव्या तर्जनीची म्हणून शिकवतात. पण निम्मं जग ती उजव्या हाताने मारतं. साध्या कीबोर्डावर कोणाला कळत नाही. तुकडे झाले की उजवं बोट मधल्या फटीत, थेट टेबलावर आपटतं. आता इन्स्क्रिप्टमध्ये ‘बी’ वर कोणतं अक्षर आहे? व. वकील, वादी, प्रतिवादी, वारस, विवाद. हायकोर्टाच्या गावात नेमकं वादाचं अक्षरच वादग्रस्त. दुसरा बांध सहाच्या आकड्याचा. तो काही कीबोर्डांत डावीकडे जातो, काहींत उजवीकडे. शिफ्ट धरून सहा दाबला की ‘त्र’ मिळतो, म्हणजे शपथपत्राचं शेपूट. ‘शपथप’ एका बाजूला आणि ‘त्र’ शोधायला दुसऱ्या बाजूला.

याहून मोठा घोटाळा लहान कीबोर्डांचा आहे. या क्षेत्रातल्या शौकिनांमध्ये कमीत कमी कळांची चढाओढ असते. शंभराच्या पुढच्या कळांवरून मंडळी बेचाळिसावर आली, तिथून छत्तिसावर, चौतिसावर. आकड्यांची रांगच नाही. आकडे हवे असतील तर एक कळ दाबून धरायची, मग खालची अक्षरं आकडे होतात. त्याला थर म्हणतात. इंग्रजीची सव्वीस अक्षरं असल्यावर हा उपवास परवडतो. आपण बेचाळीस कळांच्या कीबोर्डावर इन्स्क्रिप्ट लावलं की आधी ‘ड’ जातो, कारण तो पी च्या पलीकडे चौकोनी कंसाच्या कळीवर असतो आणि ती कळच नाही. ‘ॉ’ जातो, तो उलट्या तिरप्या रेघेवर होता. ‘ृ’ जातो. ‘ॅ’, ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘श्र’ आकड्यांच्या रांगेबरोबर वर जातात. म्हणजे मनगट दुखलं म्हणून घेतलेल्या कीबोर्डावर ‘डॉक्टर’ हा शब्दच लिहिता येत नाही. छत्तीस कळांवर आलात तर ‘ट’ ही गेला. भेडाघाटाचा ‘भेाघा’ होतो. सगळं थरांतून परत आणता येतं, हे खरं. पण चार थर पाठ करून ‘कृष्ण’ लिहायचं तर तेवढ्यात मोडी शिकून होईल.

आता कळांच्या आवाजाचा प्रश्न. यांत्रिक कळांचे रंग असतात. निळी टकटक वाजते, लाल मुकाट खाली जाते, तपकिरी बोटाला फक्त हलकी ठेच देते. टीव्हीएसचा गोल्ड नावाचा देशी यांत्रिक कीबोर्ड तुम्ही ऐकलेला असतो, ओळखत नसलात तरी. निळ्या जातीचा. रात्री अकराला आमच्या घरात त्यावर एक परिच्छेद लिहिला की वरच्या मजल्यावरून ‘खिडकी लावा, पाऊस आला’ असा आवाज येतो. संयुक्त कुटुंबाने लाल घ्यावी. मत विचारू नये.

आणि किंमत. मधे फुगलेला एकसंध कीबोर्डही स्वस्त नाही. परदेशी, पूर्ण विभागलेला, नावाजलेला घ्यायचा तर साडेतीनशे डॉलरच्या पुढेही जातो, म्हणजे तीस हजारांच्या वर, शिवाय टपाल आणि आयात शुल्क. एवढं देऊन हातात येतात दोन तुकडे आणि त्यांना जोडणारी एक वायर. काहींवर तर अक्षरंही छापलेली नसतात. कोऱ्या कळा. आणि हे सगळं हात लावून न बघता घ्यायचं. भाजीवाली टोमॅटो दाबून बघू देते, तीस हजारांचा कीबोर्ड नाही.

म्हणून मी जे केलं ते सांगतो. जयंती कॉम्प्लेक्सला परत गेलो आणि त्याच पोराकडून उजवीकडची आकड्यांची पेटी नसलेले दोन साधे, स्वस्त कीबोर्ड घेतले. ‘दो काहे?’ असं त्याने विचारलं. ‘एक डाव्या हाताला, एक उजव्या’, असं सांगितल्यावर त्याने मालकाकडे पाहिलं आणि पैसे मोजून घेतले. दोन्ही यूएसबी एकाच संगणकाला लावले, शेजारी शेजारी ठेवले. डाव्याचा फक्त डावा अर्धा वापरायचा, उजव्याचा उजवा. दोन्ही हातांत बरोबर खांद्यांइतकं अंतर पडतं. विंडोजवर एका कीबोर्डाचं शिफ्ट धरून दुसऱ्यावरचं अक्षर दाबलं तरी चालतं. मॅकवर आपण होऊन चालत नाही, त्यांचं सगळंच वेगळं. कुठलीही कळ हरवत नाही. ड जागेवर, ट जागेवर, डॉक्टर लिहिता येतो. मामांनी आतल्या कडा उचलायला सागवानी पाचरी करून दिल्या, त्यांच्यावर पॉलिशही मारलं आणि कोन मोजून मागच्या बाजूला खिळ्याने कोरला. मधल्या रिकाम्या जागेत खोवा जलेबीची बशी राहते. हा फायदा कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

दिसतं भयंकर, हे मान्य. घरी आलेला माणूस दोन कीबोर्ड बघतो आणि दुसरं कोण बसतं असं विचारतो. पण मनगटं सरळ आहेत. करंगळीची तक्रार बरीच उरली आहे, कारण अंगठ्यांना काम मिळालेलं नाही. त्यासाठी शेवटी खरा विभागलेला कीबोर्ड घ्यावा लागेल, हेही मला कळतं.

तेव्हा देवनागरीत टाइप करून हात दुखत असतील तर क्रम असा ठेवा. आज, आत्ता, कीबोर्डाच्या मागचे ते दोन पाय मिटा, फुकट आहे. मग दोन स्वस्त कीबोर्डांवर महिनाभर काढा. फरक वाटला तरच मोठे पैसे घाला, आणि घालताना आकड्यांची रांग पुरी हवी, पी च्या पलीकडच्या कळा हव्यात, अंगठ्याखाली निदान दोन कळा हव्यात, एवढं बघून घ्या. कळांची संख्या कमी म्हणून भुलू नका, आपली वर्णमाला मोठी आहे. आणि कोणी देशी कारखानदार देवनागरीसाठी विभागलेला कीबोर्ड करणार असेल तर त्याला जबलपूरहून एक विनंती आहे. इंग्रजीच्या काही वाकड्या कीबोर्डांवर ‘बी’ ची कळ दोन्ही बाजूंना देतात, तसा ‘व’ दोन्हीकडे द्या. वादीला एक, प्रतिवादीला एक.